नवरा-बायको मिळून फोटो स्टुडिओ चालवताना हिशोब कसा ठेवता?

फोटोवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

चोपड्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी रोलच्या जमान्यात सुरू केलेला. मी बारावीनंतर दुकानातच बसलो. लग्नाला सहा वर्षं झाली. बायको डीटीपी शिकलेली, म्हणून अल्बम डिझाइन तिच्याकडे आलं. पुढे एका हळदीला आमचा कँडिडवाला (पोझ न देता सहज फोटो टिपणारा) पोरगा ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा हिने कॅमेरा उचलला. त्या पार्टीने मोठे करून मागितलेले पाचही फोटो हिचे निघाले. तेव्हापासून दोघं जातो. या सीझनला तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत २६ लग्नं केली. मुलगा चार वर्षांचा आहे, तो माझ्या आईजवळ राहतो.

आता भानगड. बायको म्हणते, यापुढे माझ्या कामाचे पैसे वेगळे काढा. मी म्हणतो, घर एक, चूल एक, मग खिसा वेगळा कशाला? यावरून पंधरा दिवस अबोला आहे. काम मात्र थांबलेलं नाही. एकाच टेबलावर दोन स्क्रीन, मध्ये हार्ड डिस्क. बोलणं फक्त फोल्डरच्या नावांतून चालतं. आधी 'फायनल', मग 'फायनल_२', काल सकाळी उघडलं तर 'फायनल_तुम्हीच_बघा'.

जे जोडीने असा धंदा करतात ते हिशोब कसा ठेवतात? चुकत असेन तर सांगा, पण जरा हळू.

भरीतप्रेमी

'फायनल_तुम्हीच_बघा' वाचून चहा नाकात गेला. खुर्ची पकडून बसलोय.

शहाद्याची_मनी

भाऊ, आम्ही शहाद्यात अकरा वर्षं हेच करतोय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे साधा नियम आहे. बाहेरचा माणूस बोलावला असता तर दिवसाचे किती दिले असते? आमच्या भागात कँडिडवाला आठ हजार घेतो. मग मी उभी राहिले त्या दिवसाचे आठ हजार माझ्या खात्यावर. अल्बमचं डिझाइन शीटवर. १२ बाय ३६ चा चाळीस शीटचा अल्बम असेल तर चाळीस गुणिले जो दर असेल तो. उरलं ते दुकानाचं. त्यातून हप्ते, लॅबचं बिल, पेट्रोल. सुरुवातीला नवऱ्याला हे फार लागलं होतं. 'तू काय मजूर आहेस का?' म्हणाला. मी म्हटलं, मजुराला संध्याकाळी पैसे मिळतात, मला तेही नाही.

पैशाचं सोडा, बाई सोबत असली की काय बदलतं ते सांगते. नवरीच्या खोलीत, हळदीच्या ओल्या साडीत बायका पुरुष फोटोवाल्यापुढे अंग चोरून उभ्या राहतात. मी गेले की तेवढं राहत नाही, फोटोत लगेच दिसतं. पण त्याची किंमत मला मोजावी लागते. आता बुकिंग घेतानाच मी विचारते, मांडवाजवळ बाईमाणसाला जायला जागा कुठे आहे? हा प्रश्न माझ्या नवऱ्याला सात वर्षांत एकदाही सुचला नव्हता. मी मात्र सात वर्षं सकाळपासून पाणी न पिता उन्हात उभी राहायचे. एकदा मूतखडा झाला, तेव्हा कुठे समजलं.

टीसी_भुसावळ

ताई, साष्टांग नमस्कार.

आमच्या शेजारी एक जोडपं हाच धंदा करतं. वहिनी नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. डीजेच्या दणक्यात 'अहो!' म्हणून ओरडल्या की अर्धा मांडव वळून बघतो. शेवटी त्यांनी ठरवलं, टॉर्च दोनदा चमकली की इकडे या, तीनदा चमकली की बॅटरी संपली. मागच्या वैशाखात वरातीत कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावून नाचत होता, आणि आमचा दोस्त दर दोन मिनिटांनी बॅटरी घेऊन पळत होता.

केळीबाग

मी थोडा उलटा बोलतो, रागावू नका. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. बायको पहाटे उठून ड्रीपचे व्हॉल्व बघते, मजुरांचं चहापाणी करते, घड कापायला आले की गाडीवर मोजायला उभी राहते. तिला कोण पगार देतं? मलाही कोण देत नाही. पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) आली की घरात खर्च होते. खान्देशातल्या सगळ्या घरांत असंच चालतं. कॅमेऱ्यामुळे काय वेगळं झालं?

शहाद्याची_मनी

@केळीबाग, पट्टी कुणाच्या नावावर येते?

केळीबाग

वडिलांच्या.

भरीतप्रेमी

संपला विषय. वांगी भाजायला टाका.

रोलवाला

धुळ्याहून लिहितोय. वय ७१, टायपिंग हळू आहे.

आमच्या वेळी 'नवरा-बायकोचा धंदा' असं कुणी म्हणायचं नाही. दुकान माझं, शिक्का माझा. फोटोमागे जांभळ्या शाईत तो शिक्का अजून लोकांच्या ट्रंकांत सापडतो. पण मेहनत कुणाची, ते सांगतो. डेव्हलपरला, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनाला, वीस अंशांच्या आसपास पाणी लागतं. धुळ्यात मे महिन्यात नळाचं पाणीच चटका देणारं. पाणी गरम राहिलं की निगेटिव्हवरचा थर सैल व्हायचा, नख लागलं तरी सोलायचा. म्हणून आमची मंडळी संध्याकाळी बर्फाची लादी आणायची, फोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि ती पिशवी ट्रेमध्ये सोडायची. बर्फ नुसता टाकला तर डेव्हलपर पातळ होतो ना. लाल दिव्यात मी कागद हलवायचो, ती शेजारी बसून पिशव्या बदलायची. मग हायपो (फोटो पक्का करणारं रसायन), मग घमेल्यात धुणं, मग ग्लेझिंगच्या पत्र्यावर एकेक फोटो रूळ फिरवून चिकटवणं. पहाटे पत्र्यावरून फोटो आपसूक सुटून पडायला लागले की टप टप आवाज यायचा. त्या आवाजाने ती उठायची.

निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंगही तीच करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "पोरगीना फोटू गोरा उना पाह्यजे, भो!" ते गोरेपण तिच्या पेन्सिलीतून यायचं. तिला मी एक पैसा दिला नाही. द्यायचा असतो हेच माहीत नव्हतं.

चाळीसगाव_जंक्शन

काका, तुमचा प्रतिसाद साठवून ठेवला.

अवांतर: आमच्या चाळीसगावात याच्या अगदी उलट टोकाचा माणूस होऊन गेला. केकी मूस (१९१२–१९८९). स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात एकटे राहिले. वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडले नाहीत म्हणतात. टेबलावर कापूस, काच, मीठ-मातीसारखं काहीबाही मांडून अख्खा निसर्ग उभा करायचे आणि त्याचा फोटो घ्यायचे. टेबलटॉप फोटोग्राफी. ते पंजाब मेलमधून कुणीतरी येईल म्हणून वाट बघत राहिले, ही गोष्ट तर गावात प्रत्येकाला येते. खरीखोटी देव जाणे. ते घर आता कलादालन आहे, पाटणादेवीला जाताना अवश्य थांबा.

टीसी_भुसावळ

म्हणजे जोडीदार आलाच नाही म्हणून त्यांचा हिशोब सोपा राहिला.

चाळीसगाव_जंक्शन

निषेध. (पण हसलो.)

पुण्याचा_पाहुणा

धागा छान चाललाय. माझा सल्ला: प्रत्येक गिऱ्हाइकाशी लेखी करार करा. ५० टक्के बुकिंगला, ४० टक्के लग्नाच्या दिवशी, १० टक्के अल्बम देताना. तुमच्या दोघांतही भूमिका लिहून घ्या. पैसा वेळेवर आला की भांडणं निम्मी होतात.

केळीबाग

पाहुणे, कधी या इकडे. लग्न वैशाखात, कापूस विकला जातो दिवाळीनंतर. ४० टक्के लग्नाच्या दिवशी मागितले तर नवरीचा बाप म्हणेल, आधी आचाऱ्याला देतो, तो भांडी उचलून घेऊन चाललाय.

फोटोवाला_चोपडा

@केळीबाग, अगदी. माझ्याकडे आज सात अल्बम तयार पडून आहेत. फोन केला की 'कापूस निघू द्या'. एका अल्बमातल्या नवरीचं बाळंतपण झालं, बाळाचे फोटो काढायला तीच मंडळी आली. ते पैसे रोख दिले. लग्नाचे अजून बाकी आहेत.

@मनीताई, दिवसाच्या दराचं डोक्यात घेतलंय. पण मग मी दुकानात बसतो, गिऱ्हाइकांशी डोकं लावतो, त्याचा दर काय?

हिशोबनीस

उशिरा आलो. पेशाने कर सल्लागार आहे, जळगावचा. धागाकर्त्याला तीन प्रश्न आहेत.

दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद, कुणाच्या नावावर आहे? चालू खातं कुणाचं? आणि तुमचा स्वतःचा पगार किती?

तोपर्यंत थोडी माहिती. नवऱ्याच्या एकट्याच्या मालकीच्या धंद्यातून बायकोला पगार दाखवला, तर तो पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. त्या कामाचं शिक्षण आणि अनुभव तिच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. वहिनींकडे डीटीपीचं प्रमाणपत्र असेल तर जपून ठेवा. त्यापेक्षा भागीदारी बरी. रीतसर भागीदारीपत्र, फर्मचं वेगळं पॅन, वेगळं खातं, कुणाचा हिस्सा किती ते कागदावर. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होते, त्यासाठी कुणी दोन हजार मागितले तर देऊ नका.

टीसी_भुसावळ

माहितीत माझीही थोडी भर. ड्रोन घेणार असाल तर २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आणि आमच्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्या बाजूला नवरदेवाचा घोडा वरून टिपायचा मोह आवरा. नाहीतर वरात थेट ठाण्यात.

निळाई

कुणी अजून म्हटलं कसं नाही? १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. फिल्मला भोकं पाडायचं कामही त्या करायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. मनीताईंचा दिवसाचा दर या दोघींनाही लागू करायला हवा होता.

शहाद्याची_मनी

चादरीवरून आठवलं, रिफ्लेक्टर धरणाऱ्या पोराला आम्ही पाचशे देतो. नवरा स्टेजवर सगळ्यांसमोर माझ्यावर 'अगं, लाइट नीट धर!' म्हणून ओरडला त्या दिवशी मी तिथेच स्टँड ठेवून जेवायला बसले. तेव्हापासून कामावर एकमेकांवर ओरडायचं नाही, घरी जाऊन काय ते.

भरीतप्रेमी

दोन दिवस झाले. धागाकर्ते कुठे गायब?

पुण्याचा_पाहुणा

बहुतेक 'फायनल_३' मध्ये असतील.

दुसरा_कॅमेरा

नमस्कार. मी नवीन सभासद. धागाकर्त्यांची बायको.

यांच्या मोबाईलवर हे पान उघडं दिसलं. सगळे प्रतिसाद रात्री जागून वाचले. माझी बाजू मांडते.

एक. 'फायनल_तुम्हीच_बघा' हा फोल्डर माझा. पण त्याच्या आदल्या दिवशी यांनी 'नको_ते_फोटो' नावाचा एक केला होता. त्यात माझे १४० फोटो होते. नवरीची आजी पान जुळवत बसली आहे, तिच्या बोटाला चुना लागला आहे, तो फोटोसुद्धा त्यात. पार्टीने तोच पहिल्या पानावर घेतला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं वाटतं.

दोन. पारोळ्याकडच्या एका लग्नाचं बुकिंग मी घेतलं, भाव मी ठरवला, डिझाइन मी केलं. अल्बम घ्यायला नवरीचे काका आले तेव्हा काउंटरवर मीच होते. 'मालक नाहीत का?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, पावती देते. 'असू द्या, येतील ते.' असं म्हणून पाऊण तास बाकावर बसून राहिले. नोटा हातात होत्या, रबरबँड लावलेल्या. मी समोर अल्बम उलगडून दाखवला, तो त्यांनी बघितला, कौतुकही केलं. पैसे मात्र हे आल्यावर यांच्या हातात.

तीन. या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन ऑर्डरी एकाच दिवशी आल्या. हे धरणगावला गेले, मी एक पोरगा सोबत घेऊन अडावदला. एकटीने पहिलंच लग्न. रात्री दीडला घरी आले. दोन्ही कार्डं कॉपी केली, दुसऱ्या डिस्कवर पुन्हा कॉपी केली, मग पाठ टेकली. सकाळी मुलासाठी खाऊ आणायचा होता तर माझ्याकडे चाळीस रुपये होते. काउंटरवरचा क्यूआर सासऱ्यांच्या खात्याचा आहे. आदल्या दिवशी मी आणलेली बाकी त्यांच्याच खात्यात गेली होती. सासरे चांगले आहेत, मागितलं तर नाही म्हणत नाहीत. पण कशासाठी ते सांगावं लागतं.

मला वेगळी चूल नको आहे. मला 'कशासाठी' हा प्रश्न नको आहे.

रोलवाला

पोरी, बरोबर आहे तुझं.

केळीबाग

वहिनी, वाचून गप्प बसलो. घरी बायकोला वाचून दाखवलं. चूक झाली की काय कळत नाही.

हिशोबनीस

धागाकर्ते, माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

फोटोवाला_चोपडा

आलो. लपलो नव्हतो, आयटीआयच्या ओळखपत्रांचं काम होतं.

हिशोबनीस साहेब, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. गुमास्ता बाबांच्या नावावर. चालू खातं बाबांचं. माझा पगार… लागेल तसे बाबांकडून घेतो. वय ३४. मी बायकोला 'खिसा एकच' म्हणून सांगत होतो, आणि तो खिसा माझा नव्हताच. तिने मागितल्यावर मला राग का आला असावा, ते मला आता कुठे थोडं कळतंय.

काल रात्री जेवण झाल्यावर बाबांपुढे विषय काढला. आवाज बसला होता माझा. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "सकाळी नऊ ते एक पासपोर्ट फोटो मी काढतो. शाळेच्या ओळखपत्रांची सगळी गिऱ्हाइकं माझी. मग मी पण पगार घेईन." गंमत नव्हती, खरंच म्हणाले. वही काढून बसले. असं ठरलं: पासपोर्ट, झेरॉक्स, लॅमिनेशन बाबांकडे, क्यूआर आहे तोच राहील. लग्नं, बारसं, प्री-वेडिंग आमच्या दोघांच्या भागीदारीत, सारखा हिस्सा, नवं खातं. जागेचं भाडं महिन्याला बाबांना. जुना कॅमेरा बाबांचा, तो आम्ही विकत घेतोय, हप्त्याने.

एवढं ठरेपर्यंत आई मटार सोलत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "आणि नातवाला दिवसभर कोण बघतं? त्याचं कुठल्या खात्यात?"

बाबांनी वही मिटली.

भरीतप्रेमी

आईंना माझा नमस्कार सांगा. पंक्तीत पहिलं वाढप त्यांना.

शहाद्याची_मनी

माझ्या सासूबाई या धाग्यापासून लांब राहोत म्हणजे मिळवली.

भाऊ, विचारते, कारण आमच्याकडे हे कधीच सुटलं नाही. मी सासूबाईंना सीझन संपला की एक साडी घेते. एकदा त्या म्हणाल्या, 'साडी नको, शेगावला नेऊन आण.' पण त्या दोन दिवसांतही एक ऑर्डर निघाली.

दुसरा_कॅमेरा

सासूबाईंचं अजून ठरायचंय. आज सकाळी मी विचारलं तर म्हणाल्या, सांगेन विचार करून. दुपारी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या मनीताई किती देतात?

अबोला संपलाय. काल रात्रीच्या फोल्डरचं नाव नुसतं 'फायनल' आहे.

टीसी_भुसावळ

बोर्डाचं काय? त्यावर कुणाचं नाव?

फोटोवाला_चोपडा

बोर्डावर पहिल्यापासून आईचंच नाव आहे. बाबांनी दुकान काढलं तेव्हा ठेवलेलं. आता पेंटर विचारतोय, खाली आमची दोघांची नावं टाकायची तर कुणाचं आधी.

हिशोबनीस

भागीदारीपत्रात जो क्रम असेल तोच ठेवा. खातं उघडायला गेलात की दोघांचं पॅन, आधार आणि जागेचं बाबांकडून भाडेपत्र सोबत न्या.

केळीबाग

फोटोवाले भाऊ, पुतणीचं लग्न पुढच्या वैशाखात धरलंय, सावद्याला. हळद आणि लग्न, दोन दिवस. वहिनी येणार असतील तरच, घरच्या बायकांनी बजावलंय. पैशाचं काय ते घड कापले की लगेच.

दुसरा_कॅमेरा

तारीख मोकळी आहे, भाऊ. अर्धे आधी पाठवा, मग घड कापा.